सारथ्याचे मोल

केरळच्या किनाऱ्यावर फोर्ट कोचीच्या धक्क्याला सकाळची बोट लागते. प्रवासी बाहेर येतात न येतात, तोच काळ्या-पिवळ्या रिक्षांची रांग त्यांच्यासमोर येते. येथील चालक ‘कुठे जायचे?’ असे विचारत नाही. ‘काय काय पाहायचे?’ असे विचारतो. त्याच्या हातात प्लास्टिकमध्ये मढवलेला चित्रांचा तक्ता असतो. चिनी जाळी, जुने चर्च, डच पॅलेस, ज्यू टाउन, धोबीखाना, मसाल्याच्या वखारी अशी ठिकाणे त्यावर ओळीने मांडलेली असतात. दोन-तीन तासांच्या फेरीचे पैसे सांगितले जातात आणि घासाघीस सुरू होते. पैसे थोडे थोडे खाली येतात, आणि मग अचानक इतके खाली येतात की एवढ्यात याला परवडते तरी कसे, असा प्रश्न घासाघीस करणाऱ्यालाच पडावा. बहुतेक प्रवासी हा प्रश्न मनात येऊ देत नाहीत. स्वस्त मिळाले, या समाधानात ते रिक्षात बसतात.

हा प्रश्न मात्र टाळण्यासारखा नाही. वरवर तो भाड्याचा दिसतो. पण शाळेच्या बाहेर मिळवलेल्या ज्ञानाची किंमत समाज कशी करतो, हे त्याच्या उत्तरातून कळते.

कोची शहर आणि रिक्षा यांचे चांगले जुळते, यालाही कारण आहे. १३४१ साली पेरियार नदीला मोठा पूर आला, उत्तरेकडील मुझिरिस हे प्राचीन बंदर गाळाने निकामी झाले आणि कोचीचे मुख समुद्राकडे मोकळे झाले, असे मानले जाते. पुढे मिरीच्या ओढीने येथे अनेक लोक आले. १५०० साली पोर्तुगीज आले, १६६३ साली डचांनी शहर जिंकले, १७९५ साली ते इंग्रजांच्या ताब्यात गेले. त्यांच्या आगेमागे अरब, ज्यू, गुजराती, कच्छी, तमिळ, गोव्याहून निघालेले कोंकणी असे कितीतरी समाज येथे स्थिरावले. प्रत्येकाने आपली गल्ली केली, आपले देऊळ, मशीद किंवा चर्च बांधले. त्यामुळे कोचीचा इतिहास एखाद्या किल्ल्याच्या आवारात गोळा झालेला नाही. तो फोर्ट कोचीपासून दोन-अडीच किलोमीटरवरच्या मट्टांचेरीपर्यंत गल्लीबोळांत विखुरलेला आहे. दमट उन्हात हे सगळे पायी फिरताना माणूस थकतो. मोठी बस मट्टांचेरीच्या बाजारात शिरत नाही. मोटार शिरली तरी तिच्या काचा बंद असतात. रिक्षाला काचाच नाहीत; म्हणून सुंठेची वखार दिसण्याआधी तिचा वास येतो, आणि शेजारच्या गल्लीत भाषा बदलली की ती कानावर पडते.

१९५९ साली बजाज कंपनीला दुचाकी आणि तीनचाकी वाहने तयार करण्याचा परवाना मिळाला, आणि पुण्याजवळच्या आकुर्डीतून निघालेल्या रिक्षा देशभर पोहोचल्या. हातावर पोट असणाऱ्या माणसाला स्वतःचे वाहन घेऊन व्यवसाय करता यावा, एवढी सोय या वाहनाने केली. त्या छोट्या वाहनाचा चालक पुढे शहराचा निवेदक होईल, असे तेव्हा कोणी योजलेले नव्हते.

फेरी साधारणपणे सेंट फ्रान्सिस चर्चपासून सुरू होते. वास्को द गामा १५२४ साली कोचीत वारला आणि त्याला येथे पुरण्यात आले. काही वर्षांनी त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले गेले, पण जमिनीतील जागा अजून दाखवली जाते. ही माहिती कोणत्याही पुस्तकात सापडते. चालकाची माहिती वेगळी असते. कोणत्या वारी पॅलेस बंद, शनिवारी सिनॅगॉग का उघडत नाही, बोटीतून उतरलेल्या मोठ्या गटाच्या आधी कुठे पोहोचायचे, दुपारी कोणत्या झाडाखाली रिक्षा उभी करायची, हे त्याला पाठ असते. समुद्रकाठच्या चिनी जाळ्यांपाशी तो थांबतो आणि भरती-ओहोटीची वेळ सांगतो. कारण पाणी योग्य नसेल तर जाळे पाण्यात सोडण्यात अर्थ नसतो. त्या जाळ्यांची रचना मोठी नामी आहे. एका बाजूला लांब वाशांना टांगलेले जाळे आणि दुसऱ्या बाजूला दोरांना बांधलेले जड दगड असतात. चार-सहा माणसे दोर ओढतात आणि दगडांच्या वजनाने सगळा सांगाडा पाण्यातून वर उठतो. एका खेपेला हाती काय लागते, हे चालकाला ठाऊक असते. बहुधा फार काही लागत नाही, हेही तो मोकळेपणाने सांगतो.

खरी गंमत धोबीखान्यात असते. पूर्वी हे ठिकाण कोणत्याही स्मारकांच्या यादीत नव्हते. डचांनी आपल्या सैनिकांचे कपडे धुण्यासाठी तमिळ भागातून वण्णान समाजाचे परीट आणले, असे येथे सांगितले जाते. त्यांचे वंशज म्हणवणारी माणसे आजही दगडी चौकटींत कपडे आपटतात, तांदळाच्या पेजेची खळ देतात आणि मैदानात दोऱ्या ताणून वाळत घालतात. त्या दोऱ्यांवर एकही चिमटा नसतो. पीळ दिलेल्या दोन दोऱ्यांच्या मध्ये कपड्याचे टोक खुपसले की वाऱ्याने ते सुटत नाही. ही युक्ती प्रथम कोणाच्या डोक्यातून निघाली, ते इतिहासात नोंदलेले नाही. चालक दोरीचा पीळ बोटांनी उलगडून दाखवतो. नारळाच्या करवंटीच्या कोळशावर तापणारी जड इस्त्री उचलून पाहायला सांगतो. पुस्तकातला इतिहास राजे आणि गव्हर्नर यांच्याजवळ थांबतो, तेथून पुढचे कोची या मैदानात दिसते. आणि तेथे घेऊन जाणारा माणूस बहुधा रिक्षाचालकच असतो.

मग रिक्षा मट्टांचेरीला वळते. पोर्तुगिजांनी बांधून कोचीच्या राजाला दिलेला आणि डचांनी दुरुस्त केल्यामुळे ‘डच पॅलेस’ म्हणून ओळखला जाणारा राजवाडा तेथे आहे. त्याच्या भिंतींवर रामायणातील प्रसंगांची चित्रे आहेत. जवळच १५६८ साली बांधलेले परदेशी सिनॅगॉग आहे. ‘परदेशी’ हा शब्द मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. बाहेरून आलेल्या ज्यूंचे हे प्रार्थनास्थळ, म्हणून ते नाव. त्याच्या जमिनीवर चीनमधून आणलेल्या, हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा आहेत. एक फरशी दुसरीसारखी नाही. इस्राएलच्या स्थापनेनंतर येथील बहुतेक ज्यू कुटुंबे तिकडे गेली. गल्लीचे नाव तेवढे राहिले आणि घरांची दुकाने झाली.

येथे फेरीला एक अनपेक्षित वळण मिळते. रिक्षा एका मोठ्या, थंडगार दुकानापाशी थांबते. ‘पाहायला पैसे पडत नाहीत, दहाच मिनिटे,’ असे चालक जरा अवघडून म्हणतो. आत गालिचे, शाली, चंदनाच्या मूर्ती, मसाल्याच्या पुड्या असतात. हे दुकान संपले की दुसरे येते, मग तिसरे. सकाळच्या कोड्याचे उत्तर येथे मिळते. प्रवाशाला दारापर्यंत आणल्याबद्दल काही दुकाने चालकाला मोबदला देतात. कोठे विक्रीचा हिस्सा, कोठे ठरावीक रक्कम, कोठे इंधनाची चिठ्ठी. रिक्षाच्या फेरीचा उरलेला खर्च असा भरून निघतो.

याबद्दल प्रवासी चालकाला दोष देतात. लुबाडणूक, फसवणूक असे शब्द वापरले जातात. काही चालक फसवतात, हे नाकारण्याचे कारण नाही. न सांगता दुकानात नेणे ही फसवणूकच होय. परंतु हिशेब नीट मांडला तर दोष एकट्या चालकाच्या माथी मारता येत नाही. २०२२ साली केरळ सरकारने रिक्षाचे किमान भाडे ३० रुपये ठरवले. त्यात पहिल्या दीड किलोमीटरचे अंतर येते. पुढच्या अंतराचा दर ठरलेला असतो, थांबण्याचा ठरलेला असतो, रात्रीच्या प्रवासाचा ठरलेला असतो. सांगण्याचा दर कोठेच नाही. भरतीची वेळ, दोरीचा पीळ, शनिवारचे बंद दार, दोन शेजारी गल्ल्यांमधला भाषेचा फरक, या सगळ्याला मीटरमध्ये रकाना नाही. प्रवासी घासाघीस करतो तेव्हा अंतराचा विचार करतो, आणि ज्ञान फुकट मिळणार असे गृहीत धरतो. फुकट धरलेल्या वस्तूची किंमत मग तिसराच कोणीतरी चुकती करतो, आणि जो चुकती करतो त्याच्या सोयीने रिक्षा फिरते.

त्याचे परिणाम फेरीच्या वेळापत्रकात स्पष्ट दिसतात. धोबीखान्यातून चालकाला काही मिळत नाही. म्हणून तेथे दहा मिनिटे. सुंठ वाळत घातलेल्या वखारीला लागून मसाल्याचे दुकान असले, तर तेथे अर्धा तास. चेरलाई भागात गोव्याहून आलेल्या गौड सारस्वतांचे तिरुमल देवस्थान आहे, आसपास कोंकणी बोलणारी घरे आहेत. ती गल्ली तर बहुतेक तक्त्यांवर नसतेच. शहराचा नकाशा हळूहळू दुकानांच्या सोयीने आखला जातो. प्रवाशाचे पैसे वाचले असेही होत नाही, कारण चालकाचा हिस्सा शालीच्या किमतीत आधीच धरलेला असतो. सर्वांत मोठे नुकसान मात्र चालकाच्या जिज्ञासेचे होते. जास्त माहिती मिळवून जर एक पैसाही जास्त मिळत नसेल, तर त्याने कोणाला विचारायला जावे, काय वाचावे आणि कशासाठी?

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. रिक्षाचालक सांगतो तो इतिहास खरा कशावरून? आक्षेप रास्त आहे. चिनी जाळ्यांचेच पाहावे. ती कुब्लाई खानाच्या दरबारातून किंवा चिनी आरमाराबरोबर आली, असे प्रत्येक चालक ठासून सांगतो. काही अभ्यासक म्हणतात की जाळ्याच्या भागांची नावे पोर्तुगीज वळणाची आहेत, तेव्हा ती पोर्तुगिजांनी मकाऊहून आणली असावीत. हा वाद चालकाला माहीत नसतो, किंवा माहीत असला तरी चिनी बादशहाची कथा अधिक रंगते. तथापि शहाणा श्रोता दोन प्रकारच्या ज्ञानांत भेद करतो. पाचशे-सातशे वर्षांपूर्वी काय घडले, याबद्दल चालकाचा शब्द प्रमाण मानू नये. आज शहर कसे जगते, कोण काय करतो, कोणती जागा का रिकामी पडली, याबद्दल मात्र त्याच्याइतका भरवशाचा साक्षीदार मिळणे कठीण. अधिकृत मार्गदर्शकाला पहिल्या प्रकारचे ज्ञान असते आणि त्याला परवाना मिळतो. दुसऱ्या प्रकारच्या ज्ञानाला परवाना नाही. म्हणून ते ज्ञानच नाही, असा समज झाला आहे.

भारतीय परंपरेत असा समज नव्हता. ‘सूत’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत : रथ हाकणारा आणि कथा सांगणारा. धृतराष्ट्राला युद्धाचा वृत्तान्त सांगणारा संजय सूतच होता. नैमिषारण्यात ऋषींना महाभारत ऐकवणारा उग्रश्रवा हाही सूतच. शास्त्र जाणणारे ऋषी त्याच्यासमोर श्रोते होऊन बसले. जो रस्त्याने जातो, माणसे पाहतो, त्याच्यापाशी सांगण्यासारखे असणारच, हे त्या समाजाला उमजलेले होते. अर्थात त्याच समाजाने सूतपुत्र म्हणून कर्णाला हिणवले, हेही विसरता येत नाही. कथा ऐकायची आणि कथा सांगणाऱ्याला खालच्या पायरीवर ठेवायचे, ही सवय जुनीच आहे.

कोचीपुरते बोलायचे तर याहून जवळचे उदाहरण त्याच शहराच्या इतिहासात आहे. सतराव्या शतकात मलबारचा डच कमांडर हेन्ड्रिक व्हान रेडे याने केरळातील वनस्पतींची माहिती गोळा करण्याचे काम हाती घेतले. त्यातून ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा लॅटिन ग्रंथ तयार झाला आणि १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅममध्ये त्याचे बारा खंड प्रसिद्ध झाले. ग्रंथ युरोपचा, भाषा लॅटिन, पण माहिती कोणाची? इट्टी अच्युतन नावाच्या ईळव समाजातील वैद्याची, आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पुभट या तीन कोंकणी वैद्यांची. यांपैकी कोणीही युरोपच्या विद्यापीठात गेलेला नव्हता. इट्टी अच्युतनाचा समाज तर त्या काळच्या जातिव्यवस्थेत अस्पृश्य मानला जात होता. तरीही पहिल्या खंडाच्या आरंभी त्यांची नावे आहेत, आणि माहिती आपण दिली असे सांगणारी त्यांची प्रमाणपत्रेही जशीच्या तशी छापलेली आहेत. इट्टी अच्युतनाचे मल्याळममध्ये आहे. तीन वैद्यांचे कोंकणीत, नागरी लिपीत. ॲमस्टरडॅममध्ये १६७८ साली नागरी अक्षरे उमटली, ती कोचीच्या या वैद्यांच्या साक्षीसाठी.

व्हान रेडे हा काही परोपकारी पुरुष नव्हता. डच कंपनीच्या व्यापाराची आणि सैनिकांच्या औषधपाण्याची गरज त्याच्या उद्योगामागे होती. पण ज्ञान कोणाकडून घेतले, हे त्याने लपवले नाही. झाडपाला ओळखणाऱ्या माणसाला लॅटिन येत नाही, म्हणून त्याचे ज्ञान फुकट, असे त्याने मानले नाही. सुमारे साडेतीनशे वर्षांनंतर त्याच शहरात हजारो प्रवासी रिक्षाचालकाकडून ऐकलेले घरी जाऊन सांगतात, आणि त्याचे नावदेखील त्यांना आठवत नाही.

मग करावे काय? प्रशिक्षण द्यावे, हे उत्तर चटकन सुचते. ते चूक नाही. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत, आधीच अनुभवातून शिकलेल्या कामगाराचे कौशल्य तपासून त्याला प्रमाणपत्र देण्याची सोय पुढे करण्यात आली. चालकांनाही अशी मान्यता मिळावी. चिनी जाळ्यांबद्दलचा वाद त्यांना समजावून सांगितला जावा. शहराच्या ग्रंथालयांनी त्यांच्यासाठी संध्याकाळचे वर्ग घ्यावेत. पण प्रमाणपत्र खिशात घालून तो पुन्हा त्याच रांगेत, त्याच घासाघिशीत उभा राहणार असेल, तर त्या कागदाचा त्याला काय उपयोग? आधी व्यवहार बदलायला हवा. फेरीचा दर दोन भागांत स्पष्ट सांगितला जावा : एवढे वाहनाचे, एवढे सांगण्याचे. दुकानात जायचे की नाही, हे निघण्यापूर्वी ठरावे. रिक्षातळावर तसा फलक असावा, आणि तो लावण्याचे काम चालकांच्या संघटनांनीच करावे. शासनाने लावलेल्या फलकापेक्षा चालकांनी स्वतः लावलेल्या फलकाला अधिक मान मिळतो, कारण त्यात दिलेला शब्द त्यांचा स्वतःचा असतो.

प्रवाशाकडेही थोडे काम येते. दोन-तीन तास ज्याच्या पाठीकडे पाहत बसायचे, त्याचे नाव सुरुवातीलाच विचारून घ्यावे. कोची बाहेरगावच्या माणसांना काय दाखवते, असे विचारण्याऐवजी ‘तुम्ही कोणत्या गल्लीत वाढलात?’ असे विचारावे. तक्त्यावर नसलेली एखादी जागा या उत्तरातून निघण्याचा संभव असतो. आणि त्या जागेसाठी जास्त वेळ लागला, तर जास्त पैसे देण्याची तयारी असावी.

परभाषेत बोलणाऱ्या या चालकांपैकी अनेकांनी ती भाषा वर्गात बसून शिकलेली नसते. मागच्या आसनावर बसलेल्या प्रवाशांकडून एकेक शब्द उचलत, चुका करत, हसून घेत ती त्यांनी मिळवलेली असते. हिंदी, इंग्रजी, क्वचित फ्रेंच किंवा हिब्रू भाषेतील चार वाक्ये त्यांच्या तोंडी असतात. मराठी कुटुंब बसले की ‘या, बसा’ म्हणणारेही भेटतात. वयाच्या चाळिशीत, रोजचे काम सांभाळून, पुस्तकाशिवाय नवी भाषा बोलू लागणे किती अवघड असते, हे ज्यांनी उशिरा शिक्षणाला सुरुवात केली आहे, त्यांना वेगळे सांगायला नको.

आता फोर्ट कोचीला जाण्याचे मार्गही बदलत आहेत. २०२४ सालापासून एर्नाकुलमहून वॉटर मेट्रोची विजेवर चालणारी वातानुकूलित बोट तेथे येऊ लागली आहे. बोटीत ध्वनिक्षेपकावरून स्थानकाचे नाव सांगितले जाते. धक्क्याबाहेर तक्ता घेतलेला चालक उभाच असतो. डिसेंबर-जानेवारीत त्याला दिवसाला दोन-तीन फेऱ्या मिळून जातात. जूनमध्ये मलबारचा पाऊस सुरू होतो, जाळ्यांपाशी चिटपाखरू नसते, दुकाने अर्धी मिटलेली असतात. तेव्हा तीच रिक्षा ताडपत्रीचे पडदे सोडून सकाळी मुलांना शाळेत पोहोचवते, दुपारी बाजारातून भाजी-मासळी घेऊन निघालेल्या बायकांना घरी सोडते. मीटरप्रमाणे, दीड किलोमीटर, दोन किलोमीटर. घरखर्च आणि वाहनाच्या कर्जाचा हप्ता मात्र पावसाळ्यातही कमी होत नाही. हिवाळ्यातल्या सकाळी धक्क्यावर शंभर रुपयांसाठी घासाघीस चालते, तेव्हा चालकाच्या मनात जूनचा हप्ता असतो.